थंडवालं ट्रम्पेट

इंदोरा वस्तीतल्या नवप्रकाश ब्रास बँडचे प्रेमानंद मास्तर सहसा कोणाचं ऐकत नसत, पण मोबाइलचं मात्र ऐकत. दुपारचं जेवण झालं की चष्मा नाकावर चढवून ते खाटेवर आडवे व्हायचे आणि दूरदेशीचे ट्रम्पेटवाले काय वाजवतात ते बघत पडायचे. फेब्रुवारीतल्या एका दुपारी त्यांना त्यात एक गोरा कारागीर दिसला. त्याने एक ट्रम्पेट वाफाळत्या टाकीत सोडलं. वाफ गरम नव्हती, थंडीची होती. बर्फाहून कितीतरी थंड असा द्रवरूप नायट्रोजन त्या टाकीत होता. ट्रम्पेट वर आलं तेव्हा त्यावर बर्फाची पांढरी साय धरली होती. मग एका वादकाने ते वाजवलं आणि सांगितलं की सूर आता मोकळा झाला, वरच्या पट्टीत अडकत नाही. मास्तरांचं इंग्रजी बेताचंच, पण 'अडकत नाही' एवढं त्यांना बरोबर समजलं.

कारण मास्तरांचा सूर अडकत होता, आणि अडकू नये तिथेच अडकला होता. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत नवप्रकाश बँडचा एक रिवाज आहे. चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोर बँड थांबतो. ढोल थांबतात, झांजा थांबतात, आणि एकटं ट्रम्पेट सलामीचा लांब सूर लावतं. एका दमात, वरच्या पट्टीत, शेवटपर्यंत. तुटला तर पुन्हा घ्यायचा नाही. मास्तरांचे वडील धोंडबा यांनी हा रिवाज पाडला. कामठीच्या लष्करी छावणीतून निवृत्त झालेल्या एका बाजेवाल्याकडून ते शिकले होते, त्यामुळे सलामी म्हणजे त्यांना खेळ वाटत नसे. धोंडबांनंतर हा सूर मास्तरांनी लावला, आणि तो इतकी वर्षं लावला की चौकातल्या लोकांना तो घड्याळाच्या टोल्यासारखा वाटू लागला.

गेल्या वर्षी तो मधेच फाटला. ढोलवाल्या विश्वनाथने प्रसंग ओळखून ढोलावर टिपरू हाणलं आणि बाकी सगळं आवाजात बुडून गेलं. कोणी काही बोललं नाही. आणि कोणी काही बोललं नाही, हेच मास्तरांना जास्त लागलं. घरी येऊन त्यांनी जाहीर केलं की ट्रम्पेट म्हातारं झालं. "पितळ थकते," ते म्हणाले. आपल्या वरच्या समोरच्या दाताविषयी त्यांनी चकार शब्द काढला नाही. तो दात त्याच्या आधीच्या दिवाळीपासूनच हलत होता. ट्रम्पेटवाल्याचा समोरचा दात म्हणजे घराचा खांब. ओठ त्याच्यावर टेकतो, आणि सूर ओठावर.

मास्तरांची मुलगी अपेक्षा हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात इंजिनिअर होती. तिथे पोलादाची ड्रिल आणि कटर आधी भट्टीत तापवत, मग थंडीच्या टाकीत ठेवत, म्हणजे त्यांची धार जास्त टिकायची. टाकी अपेक्षाच्याच ताब्यात होती. इतके दिवस मास्तरांना त्या टाकीचं काडीचं कौतुक नव्हतं. त्या संध्याकाळी मात्र ती घरात पाऊल टाकते न टाकते तोच त्यांनी मोबाइल तिच्या नाकासमोर धरला.

"हे पाहून घे. तुह्या टाकीत होते का हे?"

अपेक्षाने उभ्या उभ्या पाहिलं. "होईल. पण काही फायदा नाही, बाबा. पोलादात थंडीनं आतलं काहीतरी बदलते, म्हणून आपण ते करतो. पितळेत तसं बदलायला काही नसतेच."

"त्या माणसाले फरक समजला ना?"

"त्याला माहीत होतं ना थंड केलं म्हणून."

"बिघडते का काही?"

"नाही, बिघडत नाही."

"मंग झालं त," मास्तर म्हणाले आणि विषय संपला असं समजून चहा मागितला.

अपेक्षाने मालकांना विचारलं. मालक हसले आणि म्हणाले, ड्रिलच्या फेरीत एका कोपऱ्यात टाका. एकदम बुडवायचं नसतं, टाकी हळूहळू थंड करायची आणि तितक्याच सावकाश परत आणायची, नाहीतर सांध्यांना तडा जाण्याची भीती. म्हणून तीन दिवस मास्तर हात चोळत बसले. लग्नाच्या दोन वराती त्यांनी विश्वनाथच्या पुतण्याचं जुनं ट्रम्पेट घेऊन मारून नेल्या आणि येताजाता सगळ्यांना सांगितलं की आपलं ट्रम्पेट सध्या थंडीत आहे. जणू ते सिमल्याला गेलं होतं.

ट्रम्पेट घरी आलं त्या संध्याकाळी मास्तरांनी ते ओठाला लावलं, आणि सूर सरळ वर गेला. कुठे खरखर नाही, कुठे घुसमट नाही. गल्लीत क्रिकेट खेळणारी पोरं थांबून बघू लागली. मास्तरांनी पुन्हा वाजवलं, मग पुन्हा, आणि मग माया वैतागून म्हणाली, "आता ठेवा बा, त्याले पुन्हा गरमी व्हायची." माया म्हणजे मास्तरांची बायको. तिला बँडचं फारसं कौतुक नव्हतं आणि रागही नव्हता. ज्या घरात राहतो त्या घरातला तो एक आवाज होता.

मास्तर इतके खूश झाले की रविवारी तालमीत त्यांनी सरळ सांगून टाकलं, यंदाची सलामी मीच लावणार. सुशीलने मान डोलावली. सुशील बँडमधला दुसरा ट्रम्पेटवाला. तिशी ओलांडलेला, दिवसा वीज कंपनीच्या कंत्राटदाराकडे मीटर बसवणारा, वाजवणं सगळं मास्तरांकडून शिकलेला. गेल्या वर्षीच्या फजितीनंतर मास्तर स्वतःच त्याला म्हणाले होते, "माह्यं ट्रम्पेट सुधरलं नाही त पुढच्या साली तू लावजो." आता सुधरलं म्हटल्यावर तो प्रश्नच मिटला. सुशीलला वाईट वाटलं असेल तर ते त्याने दाखवलं नाही. उलट तो म्हणाला, "मास्तर, माह्यंबी टाकाना थंडीत."

त्यावर विश्वनाथ म्हणाला की सगळ्यांचंच टाकावं. क्लॅरिओनेटवाला म्हणाला, लाकडाचं चालते का? थोडक्यात, अख्खा बँड थंडीत जायला निघाला.

अपेक्षाने कपाळावर हात मारला. मालकांनी एक ट्रम्पेट हसत हसत घेतलं होतं, पूर्ण बँड ते घेणार नव्हते, आणि का घ्यावा हेही तिला त्यांना सांगता येणार नव्हतं. जेवताना तिने मास्तरांना एक गोष्ट सांगितली. ती सांगणं तिने इतके दिवस टाळलं होतं.

"बाबा, टाकीत ओलं काही टाकता येत नाही. म्हणून आधी मी ते आतून धुतलं."

मास्तरांचा घास हातातच राहिला. धोंडबांचा दुसरा नियम असा होता की ट्रम्पेट बाहेरून रोज चमकवायचं, पण आतून कधी पाणी घालायचं नाही. आत पाणी गेलं की सूर वाहून जातो, असं ते म्हणत. धोंडबांची स्वतःची फुंकही त्याच नळीत कुठेतरी आहे, असं मास्तरांना लहानपणापासून वाटत आलं होतं.

"धुतलं?" ते म्हणाले.

"साबणाच्या पाण्यानं. लांब ब्रश घातला. हिरवा काळा गाळ निघाला नुसता. लग्नातली एक अक्षता निघाली, आणि चमकीचा कागद. त्यामुळे सूर मोकळा झाला असेल. थंडीमुळे नाही."

"थंडीमुळेच झाला," मास्तर म्हणाले. त्यांना राग आला होता, आणि राग आला की ते हळू बोलत. "गाळानं थोडीच अडते सूर? माह्या बाबांच्या वेळेस बी गाळ होताच ना."

"मंग तपासून पाहू," अपेक्षा म्हणाली. "तुम्ही म्हणता तसं निघालं, तर मालकांना मी स्वतः सांगते. पूर्ण बँड थंड करू."

आता हे तपासणं सोपं होतं, कारण धोंडबांनी मेरठहून एकाच वेळी एकाच कारागिराकडून दोन ट्रम्पेटं आणली होती. एक ते स्वतः वाजवत, ते मास्तरांकडे आलं; दुसरं पुढे सुशीलला मिळालं. दोन्ही जुळी. अपेक्षाने सुशीलचंही तसंच आतून धुवून घेतलं, पण टाकीत टाकलं नाही. म्हणजे आता फरक उरला तो फक्त थंडीचा. रविवारी दुपारी विहाराच्या हॉलमध्ये तिने दोन्ही ट्रम्पेटांना सारख्या ओढण्या गुंडाळल्या, हाताला पोचे लागून ओळख पटू नये म्हणून. मास्तरांना आणि सुशीलला डोळे मिटायला लावले. मग कधी हे हातात दे, कधी ते, असं करत दोघांकडून दोन्ही ट्रम्पेटांवर दोन-दोनदा तेच वाजवून घेतलं: खालून वर चढत जायचं आणि शेवटी सलामीचा सूर. एकच माणूस वाजवेल तर तो थकेल तेव्हा सूर बदलेल, म्हणून दोघे, असं तिचं म्हणणं. सगळं तिने मोबाइलवर रेकॉर्ड केलं. वाजवताना मास्तर मनातल्या मनात ओळखत होते. हे थंड, हे साधं. त्यांची खात्री पटली होती.

निकाल मात्र ऐकून द्यायचा होता, आणि ऐकणार होते मास्तरच. याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं. मास्तरांच्या कानाला बँडात तोड नव्हती. कोणत्या ढोलाचं चामडं उन्हाने ढिलं पडलं हे ते रस्त्याच्या पलीकडून सांगत. क्लॅरिओनेटवाल्याने रात्री जागरण केलं असेल तर तेही त्यांना सुरावरून समजे, आणि ते चारचौघांत बोलून दाखवत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अपेक्षाने घरीच बँडचा स्पीकर लावला. माया बाजूला सुपात भिवापुरी मिरच्या घेऊन देठं खुडत बसली होती. वर्षाचं तिखट करायचं होतं. अपेक्षाने रेकॉर्डिंगं पत्त्यांसारखी पिसून ठेवली होती. "कोण वाजवते ते सोडून द्या," ती म्हणाली. "फक्त ट्रम्पेट ऐका. थंड वाटलं त उजवा हात वर करा, साधं वाटलं त डावा."

मास्तरांनी डोळे मिटले. पहिला तुकडा वाजला. सूर वर चढला, शेवटी थोडा चिरका झाला. डावा हात. दुसरा तुकडा. तोच चढ, पण वर पोचल्यावर सूर पसरला, भरला आणि भरलेलाच राहिला. मास्तरांच्या चेहऱ्यावर हसू आलं. उजवा हात. असे एकेक करत आठ तुकडे झाले. एकदाही ते अडखळले नाहीत. चार वेळा उजवा, चार वेळा डावा. शेवटच्या उजव्या हाताला तर ते म्हणाले, "आयका, याले म्हणतात सलामी."

मिरच्यांच्या ठसक्याने माया दोनदा शिंकली, एवढाच काय तो अडथळा.

"किती बरोबर आले?" मास्तरांनी डोळे उघडून विचारलं.

अपेक्षा मोबाइलकडेच पाहत होती. "अर्धे बरोबर, अर्धे चूक," ती म्हणाली. "नाणं उडवून सांगितलं असतं तरी एवढेच आले असते. थंडीनं काही फरक पडत नाही, बाबा."

मास्तरांना हे पटलं नाही. आपण चुकू शकतो हे त्यांना मान्य होतं, निदान तोंडाने ते तसं म्हणत. पण त्यांचा कान अर्धा चुकेल हे शक्य नव्हतं. "असं होतेच कसं?" ते म्हणाले. "चार एकदम साफ होते. चार फाटके होते. मी झोपेत बी सांगीन."

"साफ होतेच," माया मिरचीचं देठ खुडत म्हणाली. "तुम्ही ज्याले ज्याले उजवा हात केला ते सगळे सुशीलचे होते. डावे तुमचे."

तिने खुडलेली मिरची सुपात टाकली.

"तुले काय समजते?" मास्तर म्हणाले.

"तीस वर्षं झाले आयकून राहिली. तुमचं मले समजणार नाही त कोणाले समजन?"

मास्तर मुलीकडे वळले. "खरं हाय का वं?"

"हो, बाबा."

"तुले समजलं होतं?"

"चौथ्या वेळेला समजलं."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही ट्रम्पेटचं विचारलं. ट्रम्पेटचं सांगितलं."

आपलाच आवाज माणसाला रेकॉर्डिंगमध्ये ओळखू येत नाही, असं म्हणतात. ट्रम्पेटवाल्याचं त्याहून अवघड. त्याचा सूर त्याला आतून ऐकू येतो, दातांतून, कवटीतून, आणि आतून तो नेहमीच भरलेला वाटतो. मास्तरांनी इतक्या वर्षांत दुसऱ्यांचे सूर ऐकले होते, स्वतःचा कधी बाहेर बसून ऐकला नव्हता. आणि सुशील त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. तोच चढ, तीच लय. त्यामुळे कानाला जे आपलं वाटलं, ते त्यांनी आपल्या थंड ट्रम्पेटाचं समजून उजवा हात वर केला.

"डावा हात केला त्यातला एक लाव," ते म्हणाले.

अपेक्षा म्हणाली, राहू द्या. माया म्हणाली, लाव.

मास्तरांनी ऐकलं. या वेळी डोळे उघडे ठेवले. सूर नीट चढत गेला, आणि शिखर येण्याच्या जरा आधी त्याला बारीक शीळ फुटली, हवा कुठूनतरी निसटावी तशी. दुसऱ्या कोणी तालमीत असं वाजवलं असतं तर मास्तरांनी त्याला थांबवून विचारलं असतं, बाबू, ओठाले काय झालं? त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तीच शीळ, त्याच जागी. जिभेचं टोक आपोआप त्या दाताकडे गेलं आणि दात मुकाट्याने हलला. मास्तरांना फार वाईट वाटलं. लाजही वाटली, ती सूर फाटल्याची नव्हे. वर्षभर एका निर्जीव पितळेवर आळ घेतल्याची, आणि पोरीला त्यासाठी मालकासमोर उभं केल्याची.

"ट्रम्पेटात काही दोष नाही," ते म्हणाले.

"दोष नाहीच," माया म्हणाली. "तुम्ही पेरू चावायचा सोडून कापून खाऊन राहिले तवाच मले समजलं."

पुढच्या तालमीला मास्तर गेले ते धोंडबांचं, थंड करून आणलेलं ट्रम्पेट घेऊनच. त्यांनी भाषण वगैरे केलं नाही. सुशीलला बाजूला घेऊन म्हणाले, "यंदा सलामी तू लाव. हे घे, माह्या बाबांचं हाय. सलामी याच्यावरच लागली आजपावतो."

सुशीलने ट्रम्पेटकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. रेकॉर्डिंगचं त्याच्या कानावर गेलं होतं की नाही, कोण जाणे. तो म्हणाला, "मास्तर, तुमचं ट्रम्पेट तुमच्या हातात राहू द्या. मी माह्यंच लावतो. थंडीनं काही फरक पडत नाही ना?"

"नाही," मास्तर म्हणाले. "काहीच फरक पडत नाही."

मग त्यांनी त्याला दम कुठे घ्यायचा ते सांगितलं. पुतळ्याची पायरी दिसली की घ्यायचा, झांज थांबायची वाट पाहायची नाही. ही गोष्ट धोंडबांनी त्यांना सांगितली होती आणि त्यांनी ती आजवर कोणाला सांगितली नव्हती.

चौदा एप्रिलला ऊन उतरल्यावर मिरवणूक चौकात पोचली. निळे झेंडे, पांढरे कपडे, पाण्याच्या टाक्या, आईच्या कडेवर झोपलेली लेकरं. मास्तर यंदा दुसऱ्या ओळीत चालत होते आणि साथीचे खालचे सूर वाजवत होते. तिथे दाताचं काम पडत नाही. पुतळ्यासमोर बँड थांबला. ढोल थांबले. मास्तरांनी ट्रम्पेट खाली घेतलं. पायरी दिसली तसा सुशीलने दम घेतला, आणि त्याच्यासोबत नकळत मास्तरांनीही घेतला.

सूर लागला. वर गेला, पसरला, भरला आणि भरलेलाच राहिला. मास्तरांनी दम धरून ठेवला होता, तो त्यांचा आधी सुटला. सुशीलचा चालूच होता. तो संपला तेव्हा लोकांनी घोषणा दिल्या, विश्वनाथने ढोल उचलला आणि गर्दी पुढे सरकली.

त्या गर्दीतून रुपराव वाट काढत मास्तरांपाशी आला. रुपराव म्हणजे गल्लीतला निवृत्त पोस्टमन. कुठल्या घरात काय चाललंय हे त्याला पत्रं बंद झाली तरी समजत होतं. थंडीच्या टाकीची बातमी विश्वनाथने त्याला फेब्रुवारीतच दिली होती.

"यंदा सूर अस्सल लागला गा, मास्तर," तो म्हणाला. "गेल्या साली मी मनात म्हटलं होतं, आता काही खरं नाही. पण ते थंड करून आणल्यानं फरक पडला बुवा. पोरानं काय वाजवलं."

मास्तरांना हो म्हणता आलं असतं. हो म्हटलं असतं तर गेल्या वर्षीचा फाटलेला सूरही ट्रम्पेटाच्याच माथी गेला असता, आणि इंदोऱ्यात सगळ्यांचं समाधान झालं असतं.

त्यांनी हातातलं ट्रम्पेट जरा वर उचलून दाखवलं.

"थंडवालं हे हाय, रुपराव," ते म्हणाले. "माह्यापाशी." आणि ते ओठाला लावून दुसऱ्या ओळीत चालू लागले.